पाठीवरचा संसार : तीन दिवसांच्या डोंगरवाटेची तयारी

आमच्या विद्यालयातील इयत्ता नववीचे विद्यार्थी दरवर्षी हिवाळ्यात नाणेघाट ते जुन्नर असा तीन दिवसांचा पायी प्रवास करतात. इतिहासाच्या पुस्तकात चार ओळींत आटोपणारा सातवाहनकाळ पायांनी वाचावा, हा त्यामागील हेतू. या प्रवासाची वार्ता कळताच पालक दोन प्रश्न विचारतात : सोबत काय द्यायचे आणि खर्च किती येईल? अनेक माजी विद्यार्थी आज स्वतःच्या मुलाबाळांना घेऊन डोंगरवाटा चालतात. तेही आमच्याकडे सामानाची यादी मागतात. या सर्वांना एकत्र उत्तर द्यावे म्हणून स्मरणिकेतील ही पाने आम्ही त्या यादीसाठी घेतली आहेत. यादी लहान आहे. ती तशी का झाली, हे सांगण्यासच अधिक जागा लागणार आहे.

वाट आणि ऋतू

कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या महामार्गावर, मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची पायवाट सुरू होते. कोकणातील बंदरांतून देशावर येणारा माल शतकानुशतके याच खिंडीतून चढला. वर पोहोचल्यावर नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी शिलालेख असलेले लेणे, लोक ज्याला जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. आमचा पहिला मुक्काम घाटघरला, दुसरा चावंड किल्ल्याच्या पायथ्याला असतो आणि तिसऱ्या दिवशी जुन्नर गाठून आम्ही लेण्याद्रीची लेणी पाहतो.

सामान ऋतू पाहूनच ठरवावे. पावसाळ्यात ही वाट देखणी असली, तरी शेवाळलेला खडक आणि दाट धुके मुलांच्या तुकडीसाठी धोक्याचे. मार्चनंतर ऊन चढते आणि पाणी आटते. म्हणून आम्ही डिसेंबर-जानेवारी निवडतो. या दिवसांत दुपारी घाम निथळतो आणि पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. एकाच पिशवीत ऊन आणि थंडी या दोहोंचा बंदोबस्त करायचा, हे खरे कोडे आहे.

सर्वांत जुनी यादी

पायी फिरणाऱ्या माणसाने जवळ किती सामान बाळगावे, या प्रश्नाचे आपल्या भूमीतील एक अतिशय जुने उत्तर म्हणजे भिक्खूंचे अष्टपरिष्कार : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. वर्षावासाचे महिने सोडले, तर भिक्खूंचे आयुष्य चारिकेत, म्हणजे चालण्यातच जाई. त्यांची यादी आठ वस्तूंत संपते. तीत थंडीची सोय आहे, जेवणाची आहे, फाटलेले शिवण्याची आहे आणि पाणी गाळून पिण्याचीही आहे.

आम्ही ही यादी वर्गात फळ्यावर लिहितो व विद्यार्थ्यांना विचारतो, ‘यातील कोणती वस्तू आज आपल्याला नको?’ वस्तरा तेवढा वगळला जातो. सुई-दोरा आणि गाळणीचे फडके आमच्या यादीत आजही आहेत. ‘हे का घेतले?’ या प्रश्नाला ज्या वस्तूपाशी एका वाक्याचे उत्तर नाही, ती घरी ठेवावी, हा पहिला नियम मुले येथेच शिकतात.

आमची चुकलेली यादी

हा नियम आम्हांला प्रारंभापासून उमगला होता असे नाही. पहिल्या वर्षी आम्ही पालकांना धाडलेली यादी आज वाचली की मान खाली जाते. तीत गिर्यारोहणाचे बूट, मोठी पाठपिशवी, वारारोधक जाकीट, झोपण्याची पिशवी असे सारे ओळीने लिहिले होते. यादी अचूक होती. परंतु ती कोणाच्या घरी जाणार आहे, याचा विचार तीत नव्हता.

निघण्याच्या आदल्या रात्री वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने ताप आल्याचे सांगितले. अंग तर थंड होते. तो वर्गात सर्वांत चपळ होता आणि नाणेघाटावर निबंध लिहून आला होता. आम्ही शेजारी बसून विचारले, तेव्हा बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “सर, यादी घरी दाखवलीच नाही. दाखवली असती, तर बाबांनी भट्टीवाल्याकडून उचल घेतली असती.”

वीटभट्टीवरील उचल म्हणजे काय, ती फिटता फिटता किती हंगाम जातात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावे लागत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ते कळत होते. यादी लिहिणाऱ्या आम्हांला कळले नव्हते. तो मुलगा त्या वर्षी आला नाही. त्याच्या पायाच्या मापाचे बूट त्या रात्री आमच्यापाशी नव्हते. त्यानंतर आम्ही ती यादी फाडली आणि नव्याने विचार केला. पुढे जे सांगत आहोत, ते त्या विचाराचे फळ आहे.

ओझ्याचा हिशेब

वाढत्या मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांहून अधिक भार देऊ नये, असे आम्ही ठरवले आहे. रोजच्या दप्तरासाठी तर दहा टक्क्यांचीच मर्यादा सांगितली जाते. ४५ किलो वजनाच्या विद्यार्थ्याला पंधरा टक्के म्हणजे ६ किलो ७५० ग्रॅम. आता मोजू या. रिकामी पिशवी ७०० ग्रॅम, कपडे १ किलो, अंथरूण-पांघरूण १ किलो २०० ग्रॅम, ताट-पेला-टॉर्च आदी ४०० ग्रॅम, शिधा १ किलो ९०० ग्रॅम आणि दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो. बेरीज ६ किलो ७०० ग्रॅम. उरले ५० ग्रॅम.

हा हिशेब आम्ही प्रत्येकाकडून वाण्याच्या तराजूवर प्रत्यक्ष करवून घेतो. त्या पन्नास ग्रॅमांत सुई-दोरा, शिटी आणि साबणाचा तुकडा बसतो. जास्तीची जीन्स, सुगंधी फवारा, गाणी ऐकण्याचे यंत्र बसत नाही. आम्हांला रागवावे लागत नाही, तराजूच नकार देतो. स्वयंपाकाची भांडी आणि औषधांची पेटी शिक्षकांच्या पाठीवर असते.

पाय

खर्च करायचाच असेल, तर तो आधी पायांवर करावा. बूट भारी किमतीचे असण्याची गरज नाही. तळ रबरी व खाचांचा असावा, टाच घट्ट बसावी आणि पुढे अंगठ्यासमोर अर्ध्या बोटाची जागा मोकळी असावी. नाही तर उतारावर नखे काळी पडतात. नवे कोरे बूट घालून कधीही निघू नये. निदान पंधरा दिवस ते रोज वापरात असावेत. मोज्यांचे दोन जोड घ्यावेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीवर फोड येतात, म्हणून लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. पायाला चुरचुरू लागताच, चारचौघांत थांबायला न लाजता, तेथेच चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावलेली पट्टी उशिरा आलेल्या मदतीसारखी असते. निघण्यापूर्वी नखे कापलेली असावीत.

पाठ

तीन दिवसांसाठी ३५ ते ४० लिटरची पिशवी पुरते. तिला कमरेचा पट्टा हवाच, कारण त्यामुळे भार खांद्यांवरून कमरेच्या हाडावर उतरतो आणि श्वास मोकळा राहतो. शाळेचे मजबूत दप्तर असेल, तर त्याला जाड नवारीचा पट्टा शिवून घेता येतो. आमच्या विद्यार्थ्यांनी असे कित्येक पट्टे स्वतः शिवले आहेत. भरताना अंथरूण तळाशी, जड शिधा पाठीला चिकटून मधोमध, हलके कपडे बाहेरच्या अंगाला, आणि पाणी, पट्टी, खाऊ हाताशी ठेवावा. जड वस्तू पाठीपासून दूर गेली, की पिशवी माणसाला मागे ओढते. बाहेरून पावसाळी आवरण घालण्यापेक्षा आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिचे तोंड पिळून बांधणे अधिक खात्रीचे आणि जवळजवळ फुकट.

अंग आणि पांघरूण

कपड्यांचे दोनच जोड घ्यावेत, एक चालण्याचा आणि एक झोपण्याचा. चालण्याचा जोड कितीही घामेजला, तरी झोपण्याचा जोड दिवसा अंगावर चढवायचा नाही. रात्री कोरडे कपडे असणे हीच अर्धी ऊब. त्यावर स्वेटर, कानटोपी आणि दिवसा उन्हासाठी टोपी किंवा उपरणे. सुती कापड उन्हात सुखाचे. मात्र भिजल्यावर वाऱ्यात ते अंगातील ऊब शोषून घेते, हे ध्यानात असावे.

झोपताना बहुतेक जण पांघरुणाची चिंता करतात, पण थंडी अधिक येते ती जमिनीतून. म्हणून आधी फोमची पातळ चटई, मग वर लोकरीची शाल किंवा ब्लँकेट. जुनी चादर तीन बाजूंनी शिवून तिची खोळ केली आणि तिच्यात शिरून वरून शाल घेतली, की झोपण्याच्या पिशवीचे काम बरेचसे भागते. आजीची गोधडी उबदार खरी. तथापि तिचे वजन पाहता तिने घरीच आपली वाट पाहावी हे उत्तम. मुक्काम आम्ही गावात, परवानगी घेऊन करतो. लेण्यांत झोपणे, चूल पेटवणे किंवा भिंतीवर नाव कोरणे हा दोन हजार वर्षांच्या वारशाचा अपमान आहे आणि कायद्यानेही गुन्हा आहे.

पाणी

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बालपणीचा एक प्रवास सांगितला आहे. मसूर स्थानकावर उतरून ती मुले वडिलांकडे बैलगाडीने निघाली. सोबत खाण्याचे भरपूर होते. परंतु अस्पृश्य म्हणून वाटेत कोणी पाणी दिले नाही, आणि पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून अन्न जवळ असूनही मुले उपाशी झोपली. प्रवासाच्या तयारीत पाण्याला पहिले स्थान का, हे सांगताना आम्ही दुसरे उदाहरण देत नाही.

चालण्याच्या दिवशी प्रत्येकाला सुमारे तीन लिटर पाणी लागते. ते सगळे पाठीवर घेतले, तर तीन किलो होतात. म्हणून दीड लिटर जवळ ठेवून वाटेत पुन्हा भरायचे. कोठे भरायचे, हे आधी गावकऱ्यांना विचारून ठरवावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला चार घोट घ्यावेत. टाक्याचे किंवा झऱ्याचे पाणी चौपदरी फडक्याने गाळून, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. उकळणे शक्य नसेल तेथे क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गाळल्याने गाळ जातो, जंतू जात नाहीत. म्हणून गाळणे आणि निर्जंतुक करणे ही दोन्ही कामे हवीत. टाक्यात पाय बुडवू नयेत, साबण लावू नये. आपल्यानंतरही कोणी तहानलेला येणार आहे.

जुन्नर परिसरातील डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात इरिल नावाच्या यवनाने दोन टाक्यांचे दान दिल्याची नोंद आहे, तर दुसऱ्यात चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिल्याची. परक्या देशाशी नाते सांगणारी ही माणसे येथे येऊन पाण्याची आणि जेवणाची सोय करून गेली, हे वाचून विद्यार्थी आपापल्या बाटल्यांकडे पाहतात. तो क्षण आमच्या दृष्टीने या प्रवासाचे सार्थक करणारा असतो.

शिधा

पूर्वी प्रत्येक विद्यार्थी घरून डबा आणी. डबा उघडला, की कोणाच्या घरी काय आहे आणि काय नाही, हेही उघडे पडे. आता शिधा समाईक असतो आणि मोजून वाटला जातो. प्रवासाचे अन्न चार कसोट्यांवर निवडावे : वजनाला हलके, पोटाला भक्कम, टिकाऊ आणि थोड्या जळणात शिजणारे. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनातून सुमारे चार, तर स्निग्धांशातून नऊ उष्मांक मिळतात. म्हणूनच शेंगदाणा, तीळ, खोबरे या आपल्या साध्या वस्तू डोंगरात लाखमोलाच्या ठरतात.

एका विद्यार्थ्याचा एका दिवसाचा शिधा आम्ही असा ठरवला आहे :

सकाळी पोहे ८० ग्रॅम.
चालताना भाजलेले शेंगदाणे ६० ग्रॅम, फुटाणे ५० ग्रॅम, गूळ ५० ग्रॅम.
दुपारी दशम्या २०० ग्रॅम आणि कोरडी चटणी २० ग्रॅम.
चारच्या सुमारास सातूचे पीठ ६० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून.
रात्री खिचडीसाठी तांदूळ १२० ग्रॅम आणि मूगडाळ ६० ग्रॅम.
दिवसभरासाठी तेल २५ ग्रॅम. मीठ, हळद, तिखट गरजेपुरते.

याचे वजन पाऊण किलोच्या आत आणि यातून मिळणारे उष्मांक २७०० च्या आसपास. पहिल्या दिवसाची न्याहारी शाळेत आणि तिसऱ्या दिवसाचे रात्रीचे जेवण परतल्यावर होते. म्हणून तिन्ही दिवसांचा शिधा दोन किलोंच्या आत बसतो.

पाण्यात मळलेली पोळी दुसऱ्या दिवशी चामट होते. दुधात आणि गुळात मळलेली, नीट भाजलेली दशमी थंडीच्या दिवसांत दोन-तीन दिवस चांगली राहते. ती गरम असताना डब्यात कोंबू नये, वाफेने बुरशी धरते. सातूला चूल लागत नाही. वाटेत अंधार पडला तरी तो पोट सांभाळतो. मूगडाळ दुपारीच भिजत घातली, तर जळण वाचते. झटपट शेवयांच्या पाकिटांचा मुले आग्रह धरतात. तथापि ती पिशवीत जागा फार अडवतात आणि मागे चकचकीत कचरा ठेवतात. कचरा म्हणाल तर शेंगांच्या टरफलांखेरीज सर्व काही परत शाळेत येते व पुन्हा तराजूवर चढते.

घरून केवळ एक वस्तू आणण्यास आम्ही सांगतो, ती म्हणजे मूठभर कोरडी चटणी. कोणी जवसाची आणतो, कोणी कारळ्याची, कोणी लसूण-खोबऱ्याची, कोणी शेंगदाण्याची. एखादी आई सुकटीची चटणी वेगळ्या पुडीत बांधून देते. दुपारी सर्व पुड्या एका कापडावर उघडतात. कोणाची चटणी कोणत्या घरची, हे तेव्हा कौतुकाने विचारले जाते. डब्यांमुळे जे झाकावे वाटे, ते चटणीमुळे अभिमानाचे झाले.

आजार आणि अपघात

पेटीत जलसंजीवनीची पाकिटे, जखमेसाठी जंतुनाशक, बँडेज, चिकटपट्ट्या, तापाची गोळी आणि ज्या विद्यार्थ्याला नेहमीचे औषध आहे त्याचे औषध दुप्पट असावे. जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. चिमूटभर घेऊन पेल्यात ढवळणे चूक. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. अवयव न हलवता, रुग्णाला चालू न देता रुग्णालयात न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. संकटात शिटीचे तीन फुंकर द्यावेत. शाळेत एक व्यक्ती तिन्ही दिवस दूरध्वनीपाशी असावी आणि तिच्याजवळ वाटेचा व वेळेचा कागद असावा.

समाईक कोठी

त्या तापाच्या रात्रीनंतर विद्यालयात एक लहान खोली रिकामी करण्यात आली. तीत आज पिशव्या, निरनिराळ्या मापांचे बूट, चटया, शाली आणि टॉर्च आहेत. निघण्यापूर्वी शिक्षकांसह प्रत्येक जण तेथूनच सामान घेतो. ज्याच्या घरी महागडी पिशवी आहे, त्यानेही कोठीतलीच घ्यायची, असा नियम आहे. परतल्यावर प्रत्येकाने आपले सामान धुऊन, उसवले असेल ते शिवून पुन्हा जागेवर ठेवायचे.

हा नियम कशासाठी, असे एका पालकांनी विचारले होते. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेले कपडे घालावे लागत, आणि ते घेताना हात पसरावे लागत. बाबासाहेबांनी तो हात मागे घ्यायला शिकवले. तोच पसरलेला हात डोंगराच्या वाटेवर नव्या रूपात परत यावा, हे आम्हांला मान्य नाही. म्हणून कोठीतील वस्तू कोणी कोणाला दिलेल्या नाहीत. त्या संस्थेच्या, म्हणजे सर्वांच्या आहेत. उधार, दान, उपकार हे शब्द त्या खोलीत वापरले जात नाहीत.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. कोठीसाठी काही द्यावेसे वाटल्यास घरातील जुने बूट पाठवू नयेत. पाचव्या ते नवव्या मापाचे नवे बूट आणि लोकरी मोजे यांची गरज दरवर्षी असते, कारण मुलांचे पाय वाढतात आणि बूट वाढत नाहीत. त्याहून मोठी मदत म्हणजे तीन दिवसांची रजा काढून आमच्यासोबत चालावे, कोठीतील पिशवी घ्यावी आणि तराजूवर उभे राहावे.

ज्या विद्यार्थ्याला आम्ही त्या वर्षी मागे ठेवले, तो पुढच्या वर्षी दहावीत असूनही नववीच्या तुकडीबरोबर आला. कोठीतील बूट त्याला बोटभर मोठे होत होते. पुढे कापूस भरून त्याने ते घातले. नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोचल्यावर इतरांनी आधी छायाचित्रे काढली. तो टाक्यापाशी गेला, फडक्याची चौपदरी घडी केली आणि सर्वांच्या बाटल्या मागवून पाणी गाळायला बसला.